रेघेच्या तिकडे

नवतपा लागला त्या सकाळी
मी कूलर बंद केला, खिडक्या उघडल्या,
आणि स्वयंपाकघरात फरशीवर खडूनं रेघ ओढली.
रेघेच्या तिकडे तुम्ही दोघं.
इकडे मी, वजनकाटा,
आणि पांढऱ्या खड्यांची बरणी.

"काऊन पण?" मिहिका म्हणाली.
तिच्या नाकावर बाबाचा हिंगण्याच्या कंपनीतला चष्मा,
सारखा घसरत होता.
अन्वय गप्प. त्यानं पायांचे अंगठे
रेघेला बरोबर टेकवून ठेवले.
ओलांडली नाही, सोडलीही नाही.

पाण्यात सोडा टाकायचा.
सोड्यात पाणी नाही.
कधीच नाही. म्हणा.
तुम्ही म्हणालात, पाढ्यासारखं, तीनदा,
आणि स्टीलच्या गंजातलं पाणी तापलं
खाली गॅस नसताना.
मिहिकानं तिथूनच वाकून गंजाखाली पाहिलं.
"बापा!"

बाकी सगळं तुमचंच होतं.
जानेवारीतल्या संत्र्यांच्या साली,
गच्चीवर वाळवून, कुटून, चाळून ठेवलेल्या.
तेलं मोजणं: खोबऱ्याचं, एरंडीचं,
आणि मोहाच्या टोळीचं थोडं,
जे इतवारीत चौथ्या दुकानात मिळालं.
दुकानदारानं विचारलं होतं, दिव्याला की गुडघ्याला?
साबणाला, म्हटलं.
"बजारातले साबण संपले का, ताई?"

नाही संपले.
माझे वडील कळमन्याकडे एका कारखान्यात
बावीस वर्षं साबणाच्या लाद्या तारेनं कापत.
शनिवारी कडेचे तुकडे आणत,
ज्यांवर शिक्का अर्धाच उमटलेला असे.
आमच्या घरचे कपडे अर्ध्या नावानं धुतले गेले.
पुढे रेशनच्या दुकानात यंत्र आलं,
त्यांनी अंगठा लावला, पुसून लावला, शर्टाला घासून लावला.
यंत्राला हा माणूस सापडेना.
बोटांवर रेषाच नव्हत्या उरल्या.

हे मी तुम्हाला सांगितलं नाही.
तेव्हा मी काटा शून्यावर आणत होते.

मग रवी. ही रवी आता ताकाची नाही,
दांड्याला लाल दोरा बांधलाय, लक्षात ठेवा.
मी घुसळलं. पातळच. पुन्हा घुसळलं.
"बिघडलं," मिहिका म्हणाली, जरा आशेनं.
आणि मग रवी उचलली तर
तिच्यावरून पडलेली धार बुडाली नाही,
वरच राहिली, रेघ होऊन.
झालं, म्हटलं. हातमोजे घाला. आता या इकडे.

शेवयांच्या खोक्यात ओतलं.
चांदणीचा साचा कोणाचा यावरून भांडण झालं,
चांदणीचं एक टोक तुटलं,
ते दोघांनी मान्य केलं.

दोन दिवसांनी वड्या कापल्या.
एका मऊ वडीत अन्वयनं अंगठा रुतवला.
हातमोज्यातला अंगठा,
म्हणून खड्डा गुळगुळीत,
आत एकही रेष नाही.
मी त्या खड्ड्याकडे जास्त वेळ पाहिलं असेन,
कारण तो म्हणाला, "चुकलं का?"

नाही रे. कपाटावर ठेव. पाच आठवडे.

पाच आठवडे तुम्ही रोज विचारलंत.
केशरी रंग उतरून ताकातल्या हळदीसारखा झाला.
संत्र्याचा वास तर उडूनच गेला,
नाक लावलं की फक्त तेल, थोडंसं.
"आणि सोडा कुठे गेला?"
संपला. तेलाला भेटला आणि संपला.
"अन् तेल?"
तेही.
यावर अन्वयनं विचार केला, पटलेलं दिसलं नाही.

खड्ड्याची वडी त्यानंच मोरीत नेली.
फेस कमी येत होता, पण येत होता.
खड्ड्यात पाणी साचायचं, त्यात तो बोट बुडवून बसायचा.
पंधरा दिवसांत विरघळून गेली.

संत्री परत कधी येतील, मिहिका विचारतेय.
नोव्हेंबरात.
खडू सांभाळून ठेव.